फिरंगी पाते, मराठी मूठ : जुन्या तलवारींची पारख

मराठा तलवारीचे पाते आणि मूठ एकाच भट्टीत, एकाच काळात घडलेली असतील असे नाही. पाते युरोपातून जहाजाने आलेले, मूठ दख्खनच्या कारागिराने बसवलेली आणि म्यान दोन पिढ्यांनी नव्याने चढवलेले, असाच प्रकार पुष्कळदा आढळतो. त्यामुळे जुन्या तलवारीची पारख करताना पाते, मूठ, म्यान आणि लेख यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. तलवारीबरोबर चालत आलेली घराण्याची कथा त्यानंतर तपासायची असते.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण विदर्भातलेच आहे. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले (मृत्यू १७५५) यांची मानली जाणारी तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज या संस्थेच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली. या व्यवहाराला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तलवार मुंबईत पोहोचली. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ रघुजी भोसले यांचे नाव, 'सेनासाहेबसुभा' हा किताब आणि 'फिरंग' हा शस्त्राचा प्रकार देवनागरीत सोन्याने लिहिलेला आहे. अठराव्या शतकातल्या मराठा शस्त्रांवर इतका अलंकार आणि धन्याचे नाव क्वचित असते. ही तलवार त्या दृष्टीने अपवाद आहे.

वऱ्हाडाला तलवार नवी नव्हती. पुसदशेजारच्या माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन मोगलांच्या बाजूने लढत असे. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हा ती खानाबरोबर होती. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल राहिला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईने नागपूरची सत्ताही इंग्रजांच्या मुठीत आली. या उलथापालथीत फौजा मोडल्या. काही शस्त्रे लुटीत आणि नजराण्यात विलायतेला गेली, काही मोडीत निघाली आणि काही वतनदारांच्या देवघरांत व माळ्यांवर राहिली.

प्रकार

घरात सापडलेल्या प्रत्येक लांब पात्याला सरसकट तलवार म्हटले जाते. जाणकार मात्र आकार पाहून वेगवेगळी नावे देतात. वक्र, एकधारी आणि मुठीच्या डोक्यावर तबकडी असलेली ती नेहमीची तलवार. पाते अरुंद आणि वाक जास्त असला तर ती इराणी वळणाची समशेर. रुंद, जड आणि वक्र पात्याला तेगा म्हणतात. खांडा सरळ, रुंद आणि बहुधा दुधारी असतो. त्याचे टोक बोथट असते आणि पात्याच्या कडांना मजबुतीसाठी लोखंडी पट्ट्या जोडलेल्या दिसतात. लांब, सरळ पात्याची ती धोप. अशाच सरळ तलवारीला युरोपीय पाते असले की तिला फिरंग म्हणायचे. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे तो मनगटाने न फिरवता सबंध हाताने फिरवावा लागतो. काठीत लपवलेले पाते म्हणजे गुप्ती. कट्यार तलवारीत मोडत नाही, पण तलवारींच्या संग्रहात ती हटकून असते. मोडलेल्या युरोपीय तलवारींचे तुकडे कट्यारीला पाते म्हणून बसवण्याची पद्धत दक्षिणेत होती, त्यामुळे कट्यारीचे पातेही मुठीहून वेगळ्या मुलखाचे निघू शकते.

पात्याची साक्ष

पाते तपासताना आधी त्याचा आकार पाहतात : लांबी, रुंदी, वाक कोठे सुरू होतो, टोकाजवळचा भाग दुधारी आहे का, आणि लांबीच्या दिशेने कोरलेल्या पन्हळी किती आहेत. या पन्हळींमुळे पात्याचे वजन घटते, पण ताठपणा टिकतो. दोन किंवा तीन अरुंद पन्हळी आणि सुमारे तीन फुटांचे सरळ, लवचीक पाते ही युरोपीय मालाची नेहमीची लक्षणे आहेत.

अशी पाती सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि नंतर इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. जर्मनीतील झोलिंगेन, स्पेनमधील टोलेडो आणि इटलीतील काही शहरे ही त्यांची मुख्य उगमस्थाने होती. जर्मन पात्यांना इकडे आलेमानी म्हणत. या पात्यांवर कारखान्यांच्या खुणा असतात. जर्मन पात्यांवर धावता लांडगा दिसतो. त्याच्या चार-सहा ओबडधोबड रेषाच उरलेल्या असतात. इटालियन पात्यांवर पापण्यांसारख्या दिसणाऱ्या दोन दंतुर कमानी असतात. आंद्रेआ फेरारा हे सोळाव्या शतकातील इटालियन कारागिराचे नाव तर इतके प्रतिष्ठित झाले की जर्मनीतले कारखानेही ते आपल्या पात्यांवर ठोकू लागले. दख्खनच्या लोहारांनीही या खुणांच्या नकला केल्या. त्यांना रोमन अक्षरे वाचता येत नसल्याने अशा नकलांत अक्षरे उलटी, गाळलेली किंवा नुसत्या नक्षीसारखी होतात. म्हणून खूण दिसली एवढ्यावरून पाते युरोपीय ठरत नाही. खुणेची सफाई आणि पात्याची घडण एकमेकींशी जुळली पाहिजेत.

देशी पात्यांत सर्वांत प्रतिष्ठेचे पोलाद मुशीत तयार होत असे. लोखंड आणि लाकूड-पाल्यासारखे कर्बयुक्त पदार्थ मातीच्या मुशीत बंद करून बराच वेळ तापवत आणि सावकाश थंड होऊ देत. या पोलादात कर्ब साधारण दीड टक्क्याच्या आसपास असतो. ते कमी तापमानावर बेताने ठोकले की कर्बाची संयुगे ओळीने बसतात आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. तिला जोहर म्हणतात. या पोलादाचे एक नामांकित केंद्र पुसदपासून फार लांब नाही. पैनगंगा आणि पुढे गोदावरी ओलांडली की तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात हेन्री व्हॉयझी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने तिथली भट्टी पाहून तिचे वर्णन लिहून ठेवले. इराणी व्यापारी पोलाद खरेदीसाठी थेट तिथे येत, अशी नोंद त्याने केली आहे. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या पोलादाचा मोठा वाटा अशा दख्खनी आणि दक्षिण भारतीय मुशींतून गेला होता.

जोहर ओळखताना दोन फसगती संभवतात. वेगवेगळ्या लोखंडांच्या पट्ट्या एकत्र ठोकून आणि पिळून केलेल्या पात्यावरही नक्षी दिसते, पण ती ठसठशीत आणि नियमित असते. मुशीतल्या पोलादाचा जोहर बारीक असतो आणि सर्वत्र सारखा नसतो. दुसरी फसगत नव्या मालाची आहे. साध्या पात्यावर आम्लाने नक्षी कोरली की ती पृष्ठभागापुरतीच राहते आणि धारेजवळ, जिथे धातू झिजलेला असतो तिथे, अचानक तुटते. खरा जोहर धातूच्या अंगातच असतो. पृष्ठभाग झिजला तरी खालून पुन्हा तीच जात दिसते. मात्र फार घासल्याने तो झाकोळतो आणि अनेक अस्सल पाती त्यामुळेच साधी वाटतात.

मूठ आणि म्यान

मुठीचे भाग मराठीत नेमक्या नावांनी ओळखले जातात. बोटांचे रक्षण करणारी कमान म्हणजे परज. मुठीच्या डोक्यावरच्या तबकडीला मुसुमा किंवा कटोरी म्हणतात. मराठा घाटाच्या पुष्कळ मुठींत तबकडीवर लांब दांडा निघालेला असतो, तो गज. दोन्ही हातांनी वार करताना दुसरा हात तिथे पडतो. मुठीच्या आतल्या बाजूला कापडाची किंवा मखमलीची गादी असते. बागलाणातील मुल्हेर किल्ल्याच्या नावाने ओळखली जाणारी मुल्हेरी मूठ रघुजींच्या तलवारीला आहे.

पाते मुठीत बसवण्याच्या दोन पद्धती होत्या. नेहमीच्या वक्र तलवारीत पात्याचे आखूड शेपूट पोकळ मुठीत घालून भोवती लाख आणि राळ यांचे मिश्रण ओतत. मूठ तापवली की लाख सुटते आणि पाते बदलता येते. खांडा आणि फिरंग यांत मुठीच्या दोन पट्ट्या पात्यावर खाली उतरतात आणि खिळ्यांनी जडवलेल्या असतात. जुन्या खिळ्यांच्या शेजारी रिकामी भोके किंवा वेगळ्या मापाच्या पट्टीची छाप दिसली, तर त्या पात्याला पूर्वी दुसरी मूठ होती असे समजावे. त्यामुळे तलवार बनावट ठरत नाही. लढणाऱ्या माणसाने चांगले पाते टाकून दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुठीवरच्या सोन्या-चांदीच्या कामाचे मुख्य प्रकार तीन. कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तहनिशानमध्ये खोल खोबणी कोरून त्यांत धातू भरतात, त्यामुळे ते काम अधिक टिकते. तिसरा मुलामा, म्हणजे वरवरचा लेप. भिंगातून पाहिल्यास कोफ्तगिरीत सोने झिजलेल्या ठिकाणी त्या ओरखड्यांची जाळी स्पष्ट दिसते, मुलाम्यात ती नसते. परज आणि मुठीचा फुगीर भाग हाताने सतत घासला जातो, म्हणून तिथले सोने आधी जाते आणि खाचांत शिल्लक राहते. झीज नेमकी उलटी असेल, म्हणजे खाचा कोऱ्या आणि उंचवटे सोन्याने भरलेले असतील, तर काम नंतर केलेले असावे. राजस्थानात कोफ्तगिरी करणारे कारागीर आजही आहेत, त्यामुळे जुन्या मुठीवर नवे सोने चढवणे अवघड नाही.

म्यान लाकडाचे आणि त्यावर चामडे किंवा मखमल. तोंडाशी असलेल्या धातूच्या टोपणाला मोहनाळ आणि टोकाच्या टोपणाला तहनाळ म्हणतात. लाकूड आणि चामडे आपल्या हवेत फार टिकत नाही, म्हणून मूळ म्यान क्वचित सापडते. पाते म्यानात सैल हलत असेल किंवा वाक जुळत नसेल, तर ते त्या तलवारीचे नाही. तरीही जुनी मोहनाळ आणि तहनाळ फेकू नयेत, कारण त्यांवरचे काम काळ ठरवायला मदत करते.

लेख आणि दंतकथा

लेख सापडला की पारख संपली असे मानण्याचा मोह होतो. रघुजींच्या तलवारीवर किताब आहे, पण नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तिघे झाले आणि सेनासाहेबसुभा हा किताबही पहिल्या रघुजींनंतर घराण्यात चालू राहिला. म्हणून नावाला अक्षरवळण, पात्याचा काळ आणि मुठीचा घाट यांची जोड द्यावी लागते. इराणी पात्यांची स्थिती आणखी अवघड आहे. शाह अब्बासच्या काळातील असदुल्ला इस्फहानी या कारागिराची सही पुढे शेकडो पात्यांवर कोरली गेली, भारतातसुद्धा. ती सही काळाचा किंवा कारागिराचा पुरावा म्हणून चालत नाही. उलट बारीक ठिपक्यांनी ठोकलेले लेख विश्वासार्ह धागा देतात. बिकानेरच्या शस्त्रागारात असे क्रमांक आणि नोंदी ठोकण्याची पद्धत होती आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस अदोनीच्या लुटीतून तिकडे गेलेली दख्खनी शस्त्रे त्यांवरून ओळखता येतात.

शिवछत्रपतींच्या तलवारींबाबत हीच शिस्त लागते. साताऱ्याच्या राजघराण्यात भवानी म्हणून पुजल्या जाणाऱ्या तलवारीवरील लेखात शाहू राजांचे नाव आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींनी प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांना त्यांच्या १८७५-७६ च्या भारतभेटीत दिलेली तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असून ती महाराष्ट्रात जगदंबा नावाने ओळखली जाते. जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनासाठी आलेल्या वाघनखांबद्दल तर ती बाळगणाऱ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेच म्हटले आहे की, अफझलखानाच्या वधावेळी हीच वापरली गेली याची खात्री देता येत नाही. श्रद्धेचे स्थान वेगळे आणि पुराव्याचे वेगळे. संग्राहकाला दोन्ही जपता येतात, फक्त एकाच्या जागी दुसरे ठेवू नये.

जपानची रीत

या क्षेत्रात सर्वांत शिस्तशीर परंपरा जपानची आहे. तिथे कारागीर आपली सही पात्याच्या मुठीत लपणाऱ्या शेपटावर कोरतो. मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसते आणि सहज निघते, म्हणून सही वाचता येते. त्या शेपटावरचा गंज कधीही घासत नाहीत, कारण गंजाचा रंग आणि थर यांवरून वय कळते. होनआमी या घराण्याने पिढ्यानपिढ्या तलवारींची पारख करून प्रमाणपत्रे दिली. १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी कलातलवार जतन संस्था आजही तज्ज्ञमंडळासमोर तलवार ठेवून दाखला देते. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरण्यास बंदी झाली. तेव्हा मुठीजवळची चकती आणि इतर साज सुटे विकले गेले, आणि आज त्यांचा स्वतंत्र संग्रह केला जातो.

महाराष्ट्रात अशी सह्यांची परंपरा नव्हती. मुठी लाखेने किंवा खिळ्यांनी पक्क्या बसवलेल्या असल्याने शेपूट पाहताच येत नाही, आणि तिथे सही असण्याची शक्यताही फार कमी. म्हणून इथली पारख कारागिराच्या नावापर्यंत जात नाही. ती प्रदेश आणि काळ यांवर थांबते. 'सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन पाते, अठराव्या शतकातील दख्खनी मूठ' हा निष्कर्ष पूर्ण आणि प्रामाणिक आहे. सही शोधण्यासाठी मूठ तापवून सोडवू नये.

नवे आणि जुने

बाजारातल्या बहुसंख्य 'पुरातन' तलवारी लग्न, मिरवणूक, नाटक आणि शोभेसाठी अलीकडे केलेल्या असतात. त्या ओळखण्याच्या साध्या खुणा अशा : पाते सर्वत्र एकाच जाडीचे, धारेकडे निमुळते न झालेले, मुठीत आटे पाडलेले स्क्रू, विजेच्या वेल्डिंगचे थेंब, पितळेच्या साच्यातली सारखी नक्षी, आणि आम्लाने आणलेला नारिंगी, एकसारखा गंज. जुना गंज काळसर तपकिरी, घट्ट आणि कमी-अधिक खोल असतो. खरी तलवार हातात घेतल्यावर तोल मुठीजवळ जाणवतो. शोभेची तलवार टोकाकडे ओढते किंवा अगदीच हलकी लागते. जुनी मूठ आजच्या पंजाला आखूड वाटते, त्यात शंका घेण्यासारखे काही नाही.

जपणूक

तलवारींचे सर्वांत मोठे नुकसान घरातच होते. खंडेनवमीला शस्त्रे काढून चिंच, राख किंवा पॉलिश पेपरने घासतात, पाण्याने धुतात आणि त्यावर हळद-कुंकू लावून तशीच ठेवतात. घासण्याने जोहर, खुणा आणि सोने जाते. ओलाव्याने नवा गंज चढतो. पूजा जरूर करावी, पण हळद-कुंकू पात्याऐवजी खाली अंथरलेल्या वस्त्राला वाहावे. पूजेनंतर पाते मऊ सुती कापडाने पुसून त्यावर शुद्ध खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. पात्याला उघडी बोटे लावू नयेत, घामातले मीठ गंज आणते. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात तलवार ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. पाते कापडात गुंडाळून आणि म्यान शेजारी वेगळे ठेवणे चांगले. गंज खोल असेल तर हात न लावता संग्रहालयातील जतनतज्ज्ञाला दाखवावे.

कायदा

जुन्या तलवारीला दोन बाजूंनी कायदा लागतो. पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन ठरते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. जमिनीत पुरलेली शस्त्रे सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दुसरीकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तलवार हे शस्त्रच आहे. अधिसूचित क्षेत्रात ती बाळगण्यास परवाना लागतो आणि जमावबंदीच्या काळात ती घेऊन फिरण्यावर बंदी असते. घरी वारशाची तलवार असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करून तिची लेखी नोंद करून घेणे शहाणपणाचे.

कोठे पाहावे

डोळा तयार व्हायचा तर अस्सल तलवारी पुष्कळ पाहाव्या लागतात. पुसदकरांना सर्वांत सोयीचे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेला अजब बंगला. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय इथेही शस्त्रांची दालने आहेत. वाचनासाठी विल्ब्रहम एगर्टन यांचा १८८० चा भारतीय शस्त्रांवरील सचित्र ग्रंथ, गायत्री नाथ पंत यांचे खंड आणि रॉबर्ट एल्गूड यांचे दक्षिणेतील शस्त्रांवरील २००४ चे पुस्तक हे आधार मानले जातात.

एखाद्या तलवारीचे मोल सोन्यापेक्षा तिच्या पुराव्यात अधिक असते, आणि पुरावा फार लवकर हरवतो. ज्यांच्या घरी जुनी तलवार आहे त्यांनी ती न घासता पाते, मूठ, खुणा आणि लेख यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, लांबी-रुंदी मोजावी आणि ती कोणाकडून, केव्हा आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. सांभाळणे शक्य नसेल तर ती मोडीत किंवा दलालाला न देता त्या कागदासह संग्रहालयाकडे सोपवावी.